बॉडीला प्लस

गाडीच्या डॅशबोर्डमधलं भोक अठ्ठावीस मिलिमीटरचं हवं होतं. धाकटीने व्हर्निअर तीन दिशांनी लावून पाहिला: साडेसत्तावीस, साडेसत्तावीस, आणि तिसऱ्या बाजूने त्याहून केसभर कमी. सॉकेटचा गोल डबा पत्र्यापाशी येऊन अडत होता. तिने आकडा वहीत लिहिला, खाली तारीख टाकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटलं आहे. अर्धा मिलिमीटर कानशीने काढायचा म्हणजे आजचा दिवस गेला.

"बसलं का गं?" दारातून दादाने विचारलं.

"नाही. अर्धा मिलिमीटर कमी पडतंय."

"मग हाण की एक हातोडी."

"हातोडीने भोक मोठं होत नाही, दादा. पत्रा वाकतो."

"एवढं तर..." त्याने श्वास घेतला. "एवढं तर आमच्या वर्कशॉपात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. तुझी परीक्षा घेत होतो."

"किती मार्क?"

"काठावर पास."

दादाची वाक्यं आता अशीच यायची. चार शब्द, थांबा, पुन्हा चार. घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात त्याची वेताची खुर्ची होती. नाकात दोन बारीक नळ्या, त्या कानांमागून हनुवटीखाली येऊन एका लांब पारदर्शक नळीला मिळालेल्या, आणि ती नळी स्वयंपाकघरातून, बोळातून, त्याच्या खोलीतल्या मोठ्या मशीनपर्यंत गेलेली. मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि दिवसरात्र घुंघुं करायचं. नळी पंधरा मीटरची होती. दादाचं जग त्या पंधरा मीटरमध्ये मावत होतं, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असली की तीही त्यात यायची, जेमतेम.

धाकटीने भोकाभोवती कागदी पट्टी चिकटवली आणि अर्धगोल कानस हातात घेतली. पट्टी रंगासाठी. डॅशबोर्डवर दादाने स्वतःच्या हाताने रंगाचे सात थर दिले होते, प्रत्येक थर वाळल्यावर पाणी लावून घासलेला. ती कानस फिरवायची आणि प्रत्येक घासणीला दादा डोळे मिटून घ्यायचा, इंजेक्शन घेणाऱ्या माणसासारखे.

"बघवत नसेल तर आत जा."

"आत काय आहे? तिथे ते मशीन. इथे निदान तुझी चूक काढता येते."

गाडी त्यांच्या बाबांची. म्हणजे बाबांनी घेतली तेव्हा ती गाडी नव्हती, अकरा लाकडी पेट्या होत्या. दोन माणसं बसतील एवढी उघडी छोटी गाडी, भागाभागांत भरलेली, घरी जोडून घ्यायची. बाबांनी सांगाडा आणि इंजिन उभं केलं, वायरिंग केलं, आणि मग एका सकाळी ते चहाचा कप हातात घेऊन बसले ते उठलेच नाहीत. उरलेल्या सात पेट्या दादाच्या वाट्याला आल्या. तो गाड्यांना रंग मारायचा. दिवसभर लोकांच्या गाड्या, संध्याकाळी ही. लग्न केलं नाही, कोणी विषय काढला की गॅरेजकडे बोट दाखवून म्हणायचा, "ही जुळली की बघू." सत्तावीस वर्षांनी जुळली. नंबरप्लेट लागली त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या छातीचे फोटो दिव्यासमोर धरले. तीस वर्षांचा रंग आत जाऊन बसला होता. फुप्फुसं घट्ट होत चालली होती, वाळलेल्या स्पंजासारखी, आणि ती पुन्हा मऊ होणार नव्हती. गाडी त्याने रस्त्यावर एकदाही चालवली नव्हती.

धाकटी तंत्रनिकेतनात मोजमापाची प्रयोगशाळा चालवायची. दादा तिला मास्तरीण म्हणायचा, आणि फार प्रेमात आला तर मास्तरीणबाई. वर्षभरापूर्वी ती तिची दोन खोल्यांची जागा सोडून इथे मागच्या खोलीत राहायला आली. येताना तिने कपडे, पुस्तकं आणि वीज मोजायचा मीटर आणला. दादा म्हणाला होता, "हुंडा कमीच दिसतोय."

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद होता. सहा आठवड्यांपूर्वी घरी येणाऱ्या सिस्टरांनी तो आणून दिला. एकच प्रश्न होता: श्वास अपुरा पडू लागला तर गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि कायमच्या मशीनवर ठेवायचं का. खाली दोन चौकोन, होय आणि नाही. होय म्हटलं तर लांब मुक्कामाच्या वॉर्डात एक खाट. तिथे वर्ष निघेल, कदाचित दीड. बोलता येणार नाही, घरी येता येणार नाही. नाही म्हटलं तर घर, आणि मग जेवढे दिवस असतील तेवढे. सिस्टरांनी हे सगळं साध्या आवाजात सांगितलं. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी गाडीतून एक फेरी. धरणापर्यंत. मग सांगतो."

सिस्टरांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "बरं."

धरण एकोणीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन दीड तास धरला तर दादाला वाटेत ऑक्सिजन हवा. दवाखान्याकडे प्रवासाचं छोटं मशीन होतं, खांद्याला अडकवायच्या पिशवीएवढं. त्याची आतली बॅटरी म्हातारी झाली होती, बारा मिनिटं पुरायची. पण ते गाडीच्या सॉकेटवर चालायचं. आजकालच्या कुठल्याही गाडीत असं सॉकेट असतंच. या गाडीत नव्हतं. गाडी निघाली तेव्हा लोक गाडीत काही जोडत नसत.

"शेजाऱ्यांची गाडी मागू," धाकटी म्हणाली होती.

"शेजाऱ्यांच्या गाडीत बसून धरण बघायला मला धरणाचं काय कौतुक आहे?"

म्हणून सॉकेट.

काम तीन तासांचं होतं. धाकटीने ते पाच आठवडे चालवलं.

पहिला आठवडा तिने हिशोबात घालवला: मशीन किती करंट घेतं, डायनॅमो किती देतो, सिग्नलला गाडी नुसती उभी राहिली तर किती कमी पडतो. दुसऱ्या आठवड्यात तिने वायर मागवली, आणि आलेली वायर जाडीला कमी आहे म्हणून परत केली. तिसऱ्यात प्रयोगशाळेतून बेकेलाइटचा तुकडा आणला. तपकिरी, वीज न वाहू देणारा पत्रा. तो कापला, घासला, सॉकेटखाली बसेल अशी गोल चकती केली. चकती अत्यावश्यक होती. कारण या गाडीची बॉडी प्लस होती.

बाकी जगात बॅटरीचं मायनस टोक गाडीच्या अंगाला जोडतात. ही जुनी रीत उलटी. बाबांनी दोघांना लहानपणी पहिली गोष्ट शिकवली ती हीच, पाढ्यांच्याही आधी: आपल्या गाडीत बॉडीला प्लस. अशा गाडीत सॉकेटचा बाहेरचा डबा सरळ पत्र्यावर बसवला तर ठिणगी उडते. म्हणून त्याला अंगापासून वेगळं ठेवायचं आणि दोन्ही तारा उलट्या द्यायच्या. लोकांनी दादाला शंभरदा सांगितलं, बदलून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे, सगळे बदलतात. दादा म्हणायचा, "बाबांनी जोडली तशीच राहील." बॉनेटखालच्या भिंतीवर त्याने लाल रंगात, बारीक ब्रशने, दुकानाच्या पाटीवर शोभेल अशा अक्षरांत लिहून ठेवलं होतं: बॉडीला प्लस. हात लावण्याआधी वाचा.

धाकटीने वाचलं होतं. तिने बॅटरीचा मुख्य खटका बंद केला आणि काम सुरू केलं. बॅटरी सीटमागे झाकणाखाली होती. झाकणाचे सहा स्क्रू होते, ते काढायचं काही कारण नव्हतं.

चौथ्या आठवड्यात सिस्टर आल्या, दादाच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि वहीत लिहिला. आधी एक्क्याण्णव असायचा. आता सत्याऐंशी.

"काका, फेरी झाली का?"

"इंजिनिअरसाहेबांचं काम चालू आहे." दादाने मानेने धाकटीकडे खूण केली. "सरकारी काम. पूल होईपर्यंत नदी आटेल."

सिस्टर हसल्या. मग दाराशी धाकटीला हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक खाट रिकामी होतेय. पुढच्या सोमवारी चारपर्यंत धरून ठेवते, त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि अचानक रात्री-अपरात्री काही झालं, तर कागदावर काहीच नसेल तर ते लोक नळी घालणारच. घातली की मग काढणं सोपं नसतं. त्यांच्या तोंडून काय ते घ्या."

"हो," धाकटी म्हणाली. "सॉकेट झालं की."

सिस्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दवाखान्यातल्या लोकांना वेळ मारून नेणारी माणसं लांबून ओळखू येत असावीत.

धाकटीला स्वतःचं कळत होतं. जोपर्यंत सॉकेट अर्धवट होतं तोपर्यंत तो कागद कोरा होता, आणि कोऱ्या कागदावर दोन्ही उत्तरं असतात. त्याने होय म्हणावं असं तिला वाटायचं. मग त्या वॉर्डातल्या खाटेवर मुक्या दादाचं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि ती तो विचार अर्ध्यावर टाकायची. त्याने नाही म्हणावं असं तिला वाटू शकत नव्हतं. म्हणून ती कानस चालवायची. आणि दादाही घाई करत नव्हता. रोज टोमणे मारायचा, पण "कधी होणार" असं त्याने एकदाही विचारलं नाही.

शनिवारी सॉकेट बसलं. अठ्ठावीस मिलिमीटर, सगळ्या बाजूंनी. तिने तारा जोडल्या: फ्यूजच्या पेटीतून येणारी बाहेरच्या डब्याला, बॉडीची मधल्या खिळ्याला. उलट्या, जशा हव्या तशा. मुख्य खटका चालू केला. दोन तारांचा छोटा दिवा सॉकेटमध्ये धरला. दिवा लागला.

दादाने खुर्चीतून टाळ्या वाजवल्या, चार, मोजून. तेवढ्याच परवडत होत्या.

"मास्तरीणबाई, पास. पहिल्या वर्गात."

दिवा दोन्हीकडून लागतो. तारा सुलट असोत की उलट, त्याला फरक पडत नाही. हे धाकटी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायची आणि खाली रेघ ओढायची. मीटर तिच्या पिशवीत होता, हाताच्या अंतरावर. पण मीटर लावणं म्हणजे बाबांच्या वायरिंगवर आणि दादाच्या लाल अक्षरांवर शंका घेणं, आणि ते तिच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. माणूस स्वतःच्या आईला ओळखपत्र विचारत नाही, तसं.

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी गॅरेजचं शटर वर केलं. ऊन होतं, वारा नव्हता. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो त्याला दोन मापं मोठा झाला होता. मोठ्या मशीनची नळी काढून छोट्याची लावली, आणि धाकटीने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवण्यात त्यातली तीन गेली.

"धरणाला आपण फक्त वळून यायचं," ती म्हणाली. "उतरायचं नाही."

"उतरून काय करायचंय? पाणी कधी पाहिलं नाही का मी?"

त्याने किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. दादाने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी स्वतःच्या चाकांनी गॅरेजच्या बाहेर अंगणात आली, फाटकापर्यंत. त्याने ब्रेक दाबला आणि हँडब्रेक ओढला. त्याचा चेहरा तिने लहानपणी पाहिला होता तसा झाला होता, पहिल्यांदा सायकलवरून हात सोडले होते तेव्हाचा.

"कशी चालते गं," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"थांब, आधी सॉकेटला लावते. मग फाटक उघडते."

ती शेजारच्या सीटवर बसली, मशीनची वायर घेतली आणि प्लग सॉकेटमध्ये घातला.

टक् असा आवाज झाला, बोटाने काचेवर वाजवावं तेवढाच. मग मशीनच्या जाळीतून एक वास आला. धाकटीला तो वास पंचवीस वर्षांच्या नोकरीतून पाठ होता. पोरांनी काहीतरी उलटं जोडलं की प्रयोगशाळेत तोच पसरायचा. मशीनवरचा हिरवा दिवा गेला होता. पंखा थांबला होता. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, प्लग उपसला, पुन्हा दाबलं. उशिराने फ्यूजही गेला. आता त्याचा उपयोग नव्हता.

"काय झालं?"

"बोलू नकोस."

ती उतरून धावली. गॅरेजमधून मोठ्या नळीचं टोक उचलून ओढत आणलं. शटरच्या रेषेपाशी नळी ताणली गेली आणि संपली. गाडी तिथून चार पावलांवर होती. चार पावलं तिने दादाला चालवून आणलं असतं, पण त्याने दार उघडायला हात नेला होता आणि हात अर्ध्यावर थांबला होता. ओठ शाईसारखे झाले होते.

तिने नळी जमिनीवर टाकली, गाडीपाशी गेली, इंजिन बंद केलं, गिअर मोकळा केला, हँडब्रेक सोडला, आणि पुढे जाऊन बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून ढकललं. गाडी हलली नाही. फाटकाकडे किंचित उतार होता. तिने चपला काढल्या, पाय फरशीवर रोवले, खांदा लावला. गाडी हलली. दादाने तशातही एका हाताने स्टीअरिंग सरळ धरलं होतं, कुठे घासू नये म्हणून. गाडी मागे मागे जात गॅरेजमध्ये शिरली. तिने नळी उचलून त्याच्या नाकाला लावली आणि घरचा तसलाच चिमटा बोटाला.

एकाहत्तर.

ती त्याच्या शेजारी उभी राहून आकडा पाहत राहिली. एकाहत्तर. त्र्याहत्तर. आतून मोठ्या मशीनची घुंघुं ऐकू येत होती. अठ्ठ्याहत्तर. कितीतरी वेळाने चौऱ्याऐंशी, आणि मग तो आकडा तिथेच बसला, पुढे जाईना.

ती गाडीच्या पायरीवर बसली. मग उठली, पिशवीतून मीटर काढला, फ्यूज बदलला, मीटरची लाल तार सॉकेटच्या मधल्या खिळ्याला लावली आणि काळी डब्याला. काट्याऐवजी आकडे दाखवणारा मीटर होता. बारा पूर्णांक सहा. पुढे उणे चिन्ह.

तिने तारा काढून पुन्हा लावल्या. उणे. तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सीटमागच्या झाकणाचे सहा स्क्रू काढले. बॉडीकडे जाणारी जाड केबल बॅटरीच्या मायनस टोकाला घट्ट बसवली होती. नीट, स्वच्छ, ग्रीस लावून. टोकाला चपखल बसावी म्हणून पकडीखाली तांब्याची पातळ पट्टीसुद्धा घातली होती. असं काम या घरात एकच माणूस करायचा.

"दादा. बॉडी मायनस आहे."

दादा समोर काचेकडे पाहत होता.

"कधी केलंस?"

"तुझ्या..." श्वास. "तुझ्या पोरांच्या परीक्षा होत्या, पहिल्या आठवड्यात. तू दिवसभर तिकडे. मी बदलली." श्वास. "डायनॅमो, अँपिअरचा मीटर, सगळं. तीन दिवस लागले. एक नट, की मग अर्धा तास बसायचं."

"पण का?"

"सॉकेट बसवायचं म्हणालो होतो ना तुला. उलट्या बॉडीत कटकट असते. तुला सोपं जावं, म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो दम गोळा करतोय की शब्द, ते तिला कळेना.

"बाबांचा शब्द मोडला होता. तोंडाने कसं सांगायचं? म्हटलं, तू मीटर लावशील. तुला कळेल. कळलं की मला चिडवशील. मग होईल बोलणं."

"आणि ती लाल अक्षरं?"

"पुसायला गेलो होतो. हात उठेना."

"मी आठवडाभर तुझ्यासमोर ती चकती घासत होते, दादा. बॉडी मायनस असताना चकती कशाला लागते?"

"मला वाटलं, तुझी सवय. तू कपाखालीही कागद ठेवतेस." त्याने तिच्याकडे मान वळवली. "तू, न मोजता जोडशील, हे मला कसं सुचावं गं?"

बाहेर फाटकापाशी तिच्या चपला उलट्यासुलट्या पडल्या होत्या. मेलेलं छोटं मशीन सीटवर होतं. त्याची वायर कोणीतरी कधीतरी बदललेली दिसत होती, उलट करंट अडवणारा भाग तिच्यात नव्हता. पण तो दोष सांगून काय होणार होतं? दवाखान्याकडे दुसरं मशीन नव्हतं. आलं तरी वाट पाहणाऱ्यांची सहा आठवड्यांची यादी. आणि सहा आठवडे हा आकडा आता कसा मोजायचा, ते तिला चौऱ्याऐंशीवर थांबलेल्या त्या चिमट्याने सांगितलं होतं.

"तारा मी दहा मिनिटांत सुलट करते," ती म्हणाली. "मशीन कुठून तरी मिळवू. मी सगळ्या दवाखान्यांना फोन करते. दुसरीकडे कुठे असेल. आणि तोपर्यंत सिस्टरांना सांगू की..."

"धाकटे."

"अरे, खरंच होईल. यावेळी मी मोजून..."

"धाकटे, पाच आठवडे काम घासत बसलीस." श्वास. "रंगाऱ्याला कळत नाही का, पत्रा किती घासला म्हणजे पुरे? मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मग बोलला का नाहीस?"

"मलाही नको होतं ना संपायला."

चार वाजायला वीस मिनिटं असताना सिस्टर आल्या. त्यांनी अंगणात पडलेल्या चपला पाहिल्या, उघडं शटर पाहिलं, आणि गाडीतच बसलेला दादा पाहिला. तो उतरायला तयार नव्हता. नळी पोचत होती, मग कशाला, म्हणाला. धाकटीने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. सिस्टरांनी छोटं मशीन उचलून जाळीला नाक लावलं आणि खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती आहे?" त्यांनी दादाच्या बोटाकडे पाहिलं.

"ब्याऐंशी," धाकटी म्हणाली. मघाशी चौऱ्याऐंशी होता, हे तिने सांगितलं नाही.

सिस्टर गाडीच्या दाराशी वाकल्या. "काका, फेरी झाली म्हणायची का?"

"झाली की. फाटकापर्यंत." तो थांबला. "जाताना मी चालवली. येताना मास्तरीणबाईंनी ढकलली. ड्रायव्हर बरा होता, इंजिन जरा कुरकुरतं."

सिस्टर हसल्या नाहीत. "मला पाच मिनिटांत वॉर्डात फोन करायचाय, काका. खाट ठेवा म्हणू की सोडा म्हणू?"

धाकटी आत गेली, फ्रिजवरून कागद काढून आणला. सहा आठवड्यांत उन्हाने त्याची एक कड पिवळी पडली होती. तिने तो वहीवर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. दोन चौकोन तिला अगदी स्पष्ट दिसत होते, सारख्या मापाचे, एकमेकांपासून दीड सेंटिमीटरवर.

"दादा, मी भरणार नाही," ती म्हणाली. "मी काही गृहीत धरणार नाही आता. तुझ्या तोंडाने सांग. मी तेवढंच लिहीन."

दादाने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. त्याने एक श्वास घेतला, तो पुरला नाही, म्हणून दुसरा घेतला. धाकटी थांबली. तिने घाई केली नाही, आणि नजरही काढून घेतली नाही.

"खाट सोडा म्हणावं," तो सिस्टरांना म्हणाला. मग धाकटीकडे वळून, एकेक शब्द ठेवत: "गळ्यात नळी घालायची नाही. वॉर्डात जायचं नाही. मी इथेच मरेन. लिही."